एकदाच विचारणाऱ्या मेट्रनबाई

आम्ही भिंगारला बाईंच्या घरात भाड्यानं राहायला गेलो त्या दिवशी, सामान उतरवून झाल्यावर, बाई ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "चहा घेणार?" आमचे हे स्वभावानं भिडस्त, त्यात समोर घरमालकीण. हे म्हणाले, "नको नको, कशाला उगाच त्रास." बाई म्हणाल्या, "बरं," आणि आत गेल्या. थोड्या वेळानं स्टोव्हचा आवाज आला, मग आल्याचा वास आला, आणि ह्यांनी माझ्याकडं पाहून डोळ्यांनीच खूण केली की बघ, आणतायत. बाई बाहेर आल्या त्या हातात एकच कप घेऊन. आमच्या समोरच्या खुर्चीत बसून, फुंकर घालत घालत, त्यांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "नळ सकाळी सहाला येतो."

मला राग आला होता की हसू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी माहेरची जामखेडची. आमच्याकडं कुणी पाणी विचारलं तर माणूस आधी पितो आणि मग बोलतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "चहा?" तेव्हा मी ताडकन "हो" म्हटलं. बाईंनी माझ्याकडं चष्म्यातून निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला कुठंही पाठवता येईल."

कुठं पाठवायचं, ते मला पुढं कळलं. बाई मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि छातीवर पिनेनं उलटं लटकवलेलं घड्याळ. नाडी मोजायला आता कुणी नव्हतं तरी त्या बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरत. मी कितीदा तरी भाडं द्यायला जाऊन नाडी तपासून आले. आवाज असा की कँटोन्मेंटातले शिपाई रस्त्यानं जाताना नकळत पाय जुळवायचे. सगळं भिंगार त्यांना मेट्रनबाई म्हणायचं आणि सगळं भिंगार त्यांना वचकून असायचं. मीही होते. पण माझ्या वचकण्यात पहिल्यापासून एक प्रकारचा अचंबा होता, आणि तो वाढतच गेला.

ही बाई लोकांना परदेशी पाठवायची. म्हणजे तिकीट किंवा पैसा नव्हे. ज्याचं जायचं ठरलेलं आहे त्याला जाण्याजोगा करायचं काम त्यांचं. फी काही नाही. श्रीरामपूरकडचा इंजिनियर असो, नेवाशाचा कुणी डॉक्टर झालेला मुलगा असो, जायच्या आधी एकदा भिंगारला मेट्रनबाईंकडं जाऊन यायचं, अशी त्या वेळी जिल्ह्यात रीतच पडली होती. दुष्काळाच्या आदल्या सालापर्यंतचं हे सांगतेय. तेव्हा आमच्या भागातून परदेशी जाणारा माणूस म्हणजे नवलच होतं, आणि जाणाऱ्यालाही विमानापलीकडचं काही माहीत नसायचं.

बाई स्वतः जुन्या काळी इंग्लंडला एक हिवाळा राहून आल्या होत्या, सुईणपणाचं शिक्षण घ्यायला. बोटीनं गेल्या, बोटीनं आल्या. त्यामुळं त्यांचा निम्मा उपदेश बोटीचा असायचा. "हलायला लागलं की लिंबू चाटायचं," असं त्या सांगत. कुणी म्हणालं, बाई, आता विमान असतं, तर म्हणत, "ते काय हलत नाही? लिंबू!" ट्रंकेला खणाची चिंधी बांधायची, कारण सगळ्या ट्रंका उतरल्यावर सारख्याच दिसतात. पासपोर्ट ट्रंकेत ठेवायचा नाही, पोटाशी शिवलेल्या खिशात ठेवायचा आणि झोपतानाही काढायचा नाही. लोणचं न्यायचं नाही, तेल सुटतं. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यायची, ती पृथ्वीच्या शेवटापर्यंत टिकते. देवी आणि कॉलऱ्याची लस टोचल्याची पुस्तिका हाताशी ठेवायची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, "मान नको, तोंड!" आपण हो म्हणताना मान हलवतो ती त्यांना नाहीसारखी दिसते, आणि नाही म्हणताना हलवतो ती आपली आपल्यालाच कळत नाही. म्हणून बाईंच्या अंगणात मान हलवायला बंदी होती. कुणी हलवलीच तर त्या मागून येऊन दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरत आणि म्हणत, "आता बोल."

अंगणात कडुनिंबाखाली एक विलायती कमोड होता. कुणा साहेबाची बदली झाली तेव्हा बंगल्यातल्या सामानाच्या लिलावात बाईंनी तो घेतला होता. नळ नाही, पाइप नाही, नुसताच खुर्चीसारखा मांडलेला, धुऊन पुसून लख्ख. जाणाऱ्यानं त्यावर कपड्यांसकट बसून दाखवायचं. पाय खाली सोडून बसायचं, वर उकिडवं चढायचं नाही. एका साखर कारखान्याचे चेअरमन परदेशातली यंत्रं बघायला निघाले होते, ते जीप घेऊन आले. बरोबर दोन माणसं, एकाच्या हातात चेअरमनसाहेबांची बॅग. बाईंनी त्या दोघांना फाटकाबाहेर उभं केलं, चेअरमनना कमोडवर बसवलं, आणि मग म्हणाल्या, "आता उठा, आपली बॅग आपण घ्या आणि झाडाभोवती फिरा. तिथं तुमची बॅग धरायला कोणी नाही. दारही कोणी उघडून धरणार नाही. चुकून धरलं तर थँक्यू म्हणायचं." चेअरमन फिरले. मी खिडकीतून बघत होते. ज्या माणसापुढं सगळा तालुका वाकून उभा राहायचा तो भर उन्हात बॅग घेऊन कडुनिंबाला फेऱ्या घालत होता आणि प्रत्येक फेरीला, बाईंनी फाटक उघडलं की, "थँक्यू" म्हणत होता. तोंड लाल झालं होतं, पण थांबला नाही.

शिवाय एक कोट होता. काळा, जाड, लोकरीचा. बाईंनी विलायतेहून आणलेला. जो जाईल त्याला त्या तो घालायला देत, आल्यावर परत घेत. उन्हाळ्यात जाणाऱ्याला सुद्धा. तो कोट कॅनडाला जाऊन आला होता, जर्मनीला जाऊन आला होता. आमच्या भिंगारात एवढं जग बघितलेलं दुसरं कुणी नव्हतं. पण द्यायच्या आधी तो अंगावर चढवून बाजारातून एक चक्कर मारून यावी लागे, कारण तिथं सगळे आपल्याकडं बघत असतात, त्याची सवय इथंच झालेली बरी, असं बाईंचं म्हणणं.

हे सगळं खरं असलं तरी बाईंचा मुख्य नियम एकच होता. चहाच्या कपाचा. पहिल्या खेपेला हो म्हणायचं.

"मी तिथं पोचले," त्यांनी मला एकदा सांगितलं, "आणि नर्सेसच्या होस्टेलात मला जेवणाचं विचारलं. मी म्हटलं, नो थँक्यू. आम्हाला घरी शिकवलेलं. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा राहू द्या म्हणायचं, तिसऱ्यांदा थोडंसंच म्हणायचं. मी दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसले. ताटं उचलली, टेबल पुसलं, सगळ्या उठून गेल्या. पहिले काही दिवस मी पाव आणि नळाच्या पाण्यावर काढले. रडायची नुसती. म्हणायची, काय निर्दय माणसं ही." बाईंनी छातीवरचं घड्याळ सरळ केलं. "निर्दय नव्हती गं. मी नको म्हटलं, त्यांनी माझ्या शब्दाचा मान ठेवला."

तेव्हापासून बाई एकदाच विचारत. कुणालाही. चर्चचे पाद्री आले तरी एकदाच. त्यांनीही एकदा भिडेनं नको म्हणून बाईंना चहा पिताना बघितलं होतं, असं ऐकलं.

तर अशा बाईंच्या हाती माझ्या सासूबाई सापडल्या.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, लग्न होऊन इंग्लंडला गेल्या होत्या. नवरा तिथं एका कारखान्यात. आदल्या वर्षी वन्संचं पहिलं बाळंतपण झालं, मूल जगलं नाही. नवरा कामावर होता. दवाखान्यात जवळ आपलं माणूस कुणीच नव्हतं. आता पुन्हा दिवस गेले होते, आणि त्यांचा एकच निरोप होता, आईला पाठवा. जावयांनी तिकीट काढून पाठवलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. नेवाशाजवळच्या एका खेड्यात सगळा जन्म गेलेला. शेतातलं कुठलंही काम पुरुषाच्या बरोबरीनं करणाऱ्या, पण कुणी काही देऊ केलं की तोंडातून पहिला शब्द "नगं". स्वतःच्या घरात सुनेनं चहा विचारला तरी नगं. मी तो करून समोर ठेवला की "कशापायी केलास" म्हणत बशीत ओतून प्यायच्या. ह्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे त्यांना भिंगारला घेऊन आले, मेट्रनबाईंसमोर उभं केलं, आणि बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "पाणी घेणार, आक्का?"

"नगं नगं, आत्ताच पिऊन आले."

एस.टी.तून नुकत्याच उतरलेल्या होत्या. ओठ सुकले होते. बाई म्हणाल्या, "बरं."

सकाळपासून शिकवणी सुरू व्हायची. कमोड झाला. कोट झाला. मे महिन्याच्या उन्हात आत्याबाई नऊवारीवर काळा कोट घालून भिंगारच्या बाजारातून चालत गेल्या आणि मागं पोरांची ही रांग. परत आल्यावर म्हणाल्या, "भाजीवालीनं मला वळखलंच न्हाई. भाव कमी लावला."

मग विमानतळावरच्या साहेबाची तालीम. बाई टेबलामागं खुर्चीवर बसल्या, आत्याबाई पुढं उभ्या.

"किती दिवस राहणार?"

"बघू की. लेकीचं आवरलं की येते."

"बघू नाही. बघू म्हटलं की संशय येतो. थ्री मंथ्स. म्हणा."

"थिरी मंथ."

"इथं कशाला आलात? काम करायला?"

"मग काय बसून खायला व्हय?" आत्याबाई उसळल्या. "लेकीचं बाळंतपन हाय. समदं काम मलाच करायचं हाय."

बाईंनी टेबलावर हात आपटला. "परत पाठवलं! बसा विमानात, भिंगारला उतरा!"

आत्याबाई घाबरून मागं सरल्या. मी पदर तोंडाशी धरून हसत होते, पण बाई हसत नव्हत्या. "आक्का, तिथं काम म्हणजे नोकरी. नोकरीला आलेल्या माणसाला ते आत घेणार नाहीत. तुम्ही कामाला चालला नाहीत. तुम्ही आजी व्हायला चालला आहात. त्यानं काहीही विचारलं तरी म्हणायचं, ग्रँडमदर."

तो शब्द आत्याबाईंनी दोन दिवसांत असा पाठ केला की दळणाला गेल्या तरी गिरणीवाल्याला म्हणून दाखवायच्या.

अडलं ते ताटावर. दुपारी बाई आपल्या स्वयंपाकघरातून ताट आणायच्या, भाकरी, पिठलं, कांदा, आणि समोर धरून विचारायच्या, "जेवणार?" आत्याबाई म्हणायच्या, "नगं." ताट परत जायचं. मग मला विचारायच्या. मी हो म्हणायची आणि सासूसमोर बसून जेवायची, ह्या सुखाबद्दल मी काही लिहीत नाही. आत्याबाई आपल्या खोलीत येऊन मी केलेलं खायच्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

आणि मग माझं हसू हळूहळू गेलं, कारण मला एक गोष्ट दिसली होती आणि ती बाईंना माझ्याआधी दिसलेली असणार. आत्याबाई अंगण ओलांडून शिकवणीला जाताना आपला तांब्या भरून बरोबर नेत. तहान लागली की त्यातलं पीत, ख्रिस्ती बाईंच्या घरचं नाही. त्यांच्या गावात ख्रिस्ती वस्ती होती, ओढ्यापलीकडं. त्या वस्तीतल्या बायका शेतात आत्याबाईंच्या खांद्याला खांदा लावून राबत, अडलेल्या बाईजवळ रात्र रात्र बसत, पण त्यांच्या घरचं पाणी अलीकडच्या बायका पीत नसत. आत्याबाईंनी कुणाला कधी वावगा शब्द वापरला नाही. फक्त पाणी प्यायल्या नाहीत. त्यांना त्यात काही वाईट आहे असं वाटतच नव्हतं, श्वास घेण्यात काय वाईट वाटायचं!

जायला थोडेच दिवस उरले तेव्हा बाईंनी ह्यांना बोलावलं. आत्याबाई आणि मी समोरच होतो. बाई म्हणाल्या, "तिकीट परत करा. ह्यांना पाठवू नका."

हे गोंधळले. "का? काय चुकलं?"

बाई आत्याबाईंकडं वळल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "आक्का, तुमच्याकडं दोन नको आहेत. एक भिडेचं. ते मी काढलं असतं, पुष्कळांचं काढलंय. दुसरं मला काढता येणार नाही. ते तुमचं तुम्ही ह्या अंगणात ठेवून जायचं." त्यांनी तांब्याकडं नुसतं बघितलं. "विमानात रांधणारा कोण, कुठल्या वस्तीचा, कुणाला विचारणार? बरं, खाण्याचं राहू द्या. दोन दिवस उपाशी राहून माणूस मरत नाही, मी राहिलेय. पण मी तिथल्या दवाखान्यात काम केलंय. लेक आत असेल. तिची वेळ झालेली असेल. तुम्ही बाहेर बाकावर. सिस्टर दारात येईल आणि विचारील, आत येता का? एकदा विचारील, आक्का. एकदाच. ती परकी, गोरी, तुम्हाला कसंतरी होईल, तोंडातून सवयीनं जायचं ते जाईल. नो. दार लागेल. आणि तुमची लेक ह्याही वेळी आत एकटी."

आत्याबाईंचा चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदाच असा पाहिला. त्या उठल्या, तांब्या घेतला आणि खोलीत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अंगण ओलांडून गेल्या तेव्हा हात मोकळे होते. बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, आत गेल्या, ताट घेऊन आल्या. मी आमच्या दारात उभी. मला पुढं व्हायचं धाडस झालं नाही.

"जेवणार?"

आत्याबाईंचं तोंड उघडलं. "न..." एवढं बाहेर आलं. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले, लहान मूल कडू औषध गिळतं तसं काहीतरी गिळलं आणि म्हणाल्या, "व्हय."

बाईंनी ताट खाली ठेवलं. आत्याबाईंनी भाकरी मोडली. पहिला घास हातात किती वेळ होता, देव जाणे. मग खाल्ला. मग दुसरा. मग पाणी मागितलं, स्वतः होऊन, आणि बाईंच्या घरचा पेला तोंडाला लावून सगळं प्यायल्या. मला रडू फुटलं. ज्यांना हे साधं वाटेल त्यांना वाटो. मी माणसांना डोंगर चढताना पाहिलंय, आत्याबाई त्या दिवशी जेवढ्या चढल्या तेवढं चढताना कुणाला पाहिलेलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी आत्याबाईंचं मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आता तुम्हाला पाठवता येईल."

आत्याबाई गेल्या. काळा कोट, ट्रंकेला हिरव्या खणाची चिंधी, पदराला लिंबू. नगरच्या स्टँडवर मुंबईची गाडी हलेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. आम्हाला वाटलं, देवाचं नाव घेतायत. मी खिडकीशी गेले तर "ग्रँडमदर, ग्रँडमदर" चाललं होतं.

गणपतीच्या सुमाराला त्या परत आल्या. अंगावर कोट तसाच. घरात न शिरता आधी बाईंच्या ओट्यावर गेल्या आणि तिथंच बसकण मारून सांगायला लागल्या. सगळी गल्ली गोळा झाली.

विमानात ज्यानं जे विचारलं त्याला त्या "यीस" म्हणाल्या होत्या. "लाल पानी आनलं, त्येला बी यीस म्हटलं."

"प्यायलात?" मी किंचाळले.

"एक घोट. कडू जहर. मंग शेजारच्या सायबाला म्हटलं, घेतो का? त्यो पन पयल्याच खेपंला यीस म्हणला."

विमानतळावरच्या साहेबानं काय विचारलं ते त्यांना कळलं नाही. त्या "थिरी मंथ, ग्रँडमदर" म्हणाल्या आणि त्यानं हसून शिक्का मारला. लोक हसत होते. बाई हसत नव्हत्या. त्या वाट बघत होत्या.

"दवाखान्यात मला बाकावर बसवलं," आत्याबाईंचा आवाज उतरला. "जावई कामावर. आतनं लेकीचा आवाज यायचा. मी जीव मुठीत धरून बसल्येली. मग एक नर्स दारात आली. लई उंच. कायतरी बोलली. मला काय कळतंय? पर तिच्या बोलन्याचं शेपूट वर गेलं. तुमी इचारताना जातं तसं. मी म्हटलं, ही इचारतीय. आनि बाई, काय इचारलं ते ठावं नसताना मी म्हटलं, यीस. तिनं दार उघडं धरलं. मी थँक्यू म्हटलं आनि आत गेले. पोरीनं माझा हात असा धरला की बांगडी पिचली. सुटंपत्तोर सोडला न्हाई."

बाईंनी एकच विचारलं. "मूल रडलं कधी?"

"लगीच. भाईर आली आनि टाहो फोडला. पोरगी हाय. लई खमकी हाय."

"लगेच रडली," बाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्या बाईंना असं चाचपडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आत्याबाई उठल्या. कोट काढून त्यांनी बाईंच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, आज आमच्यात जेवायचं. पोळ्या करते."

"नको," बाई म्हणाल्या.

हे नको मी आधी ऐकलं होतं. नव्यानं राहायला आलो त्या वर्षी पाडव्याला ह्यांनी बाईंना जेवायला बोलावलं होतं. बाई नको म्हणाल्या, आणि ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचं नको हे नकोच धरलं त्यांना पुन्हा काय विचारायचं, म्हणून आम्ही बरं म्हटलं. सगळं भिंगार तसंच करायचं. बाई शिष्ट आहेत, चर्चच्या माणसांखेरीज कुणाकडं जेवत नाहीत, असं लोक बोलायचे. आत्याबाईंनी मात्र बरं म्हटलं नाही. त्या बाईंकडं बघत राहिल्या. नगं म्हणण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यांना त्याची जात कळत होती.

"चला की," त्या म्हणाल्या.

"मी एकदा सांगितलं ना, आक्का."

"त्ये तुमच्या विलायतेत. हे भिंगार हाय. मी इथली हाय, मी तीनदा इचारनार."

बाई कोटावरून हात फिरवत होत्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "मी नको म्हटलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. इतक्या घरांत, इतक्या वेळा बघितलंय मी. म्हणून मीच आधी म्हणून टाकते. तुमचाही पडू द्या."

"माझा न्हाई पडत," आत्याबाई म्हणाल्या. "जेवायला चला."

लोकांना परदेशी पाठवणाऱ्या बाईंनी कोटाची घडी घातली. मग म्हणाल्या, "बघू."

"बघू न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "बघू म्हटलं की संशेव येतो."

पाट बाहेरच्या खोलीत मांडावा म्हणून मी उचलला, तर आत्याबाईंनी माझ्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात चुलीजवळ मांडला. बाई कॅनव्हासचे बूट उंबऱ्याबाहेर काढून आत आल्या. खाली बसताना त्यांचे गुडघे कुरकुरले. जेवायच्या आधी त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, तेवढा वेळ आत्याबाई पोळी हातात धरून थांबल्या. मग वाढली. बाई हळूहळू जेवल्या, मान खाली घालून. एक पोळी संपली. आत्याबाई दुसरी घेऊन आल्या आणि त्यांनी काहीच विचारलं नाही.

"नको, नको," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ताटावर हात आडवा धरला. पण बोटं सगळी विलग होती.

"हात काडा," आत्याबाई म्हणाल्या.

बाईंनी हात काढला.